हक्काने केलेला जुलूम
‘अ टेल ऑफ टू सिटीज’ वाचण्यापूर्वी

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री व्हर्सायला भरलेल्या राष्ट्रीय सभेत ब्रिटनी प्रांताचा ल गेन द केरांगाल नावाचा प्रतिनिधी बोलायला उभा राहिला. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत तेव्हा जमीनदारांच्या गढ्या जळत होत्या. शेतकरी गढीत शिरले की दप्तर शोधत, जमिनीचे आणि हक्कांचे जुने कागद बाहेर आणत आणि पेटवून देत. हे कागद ते का जाळतात, ते या प्रतिनिधीला सांगायचे होते. त्याने सभेला त्या दप्तरांत काय काय आहे याची आठवण दिली. माणसाला जनावरासारखे गाडीला जुंपण्याचा हक्क त्यांत होता. रात्र रात्र गावकऱ्यांना तळ्याकाठी उभे करून पाणी बडवून घेण्याचा हक्कही होता, कारण बेडकांच्या ओरडण्याने मालकाची झोप मोडते. सभा मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालू होती. पुढच्या आठवड्यात जे ठराव पक्के झाले, त्यांत पहिल्या कलमाने सरंजामी व्यवस्था मोडीत काढली आणि लगेच दुसऱ्या कलमाने कबुतरखाना बाळगण्याचा जमीनदाराचा खास हक्क रद्द केला.

राज्यक्रांतीच्या ठरावात कबुतरखान्याला इतके वरचे स्थान का मिळाले, हे शेती करणाऱ्याला सांगावे लागणार नाही. मालकाची कबुतरे पेरलेले दाणे टिपत, उभ्या पिकावर उतरत, आणि ज्याचे पीक होते त्याने त्यांना मारणे हा गुन्हा होता. वर्षभर डोळ्यांदेखत चाललेली ही लूट होती आणि ती कायदेशीर होती.

बरोबर सत्तर वर्षांनी, १८५९ साली, चार्ल्स डिकन्सने लंडनमध्ये ‘ऑल द इयर राउंड’ हे आपले नवे साप्ताहिक सुरू केले आणि ३० एप्रिलच्या पहिल्याच अंकापासून त्यात ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ छापायला घेतली. २६ नोव्हेंबरला ती संपली. या कादंबरीच्या तिसऱ्या भागात तबेल्याच्या माळ्यावर, गवतावर पडून मरणारा एक शेतकरी मुलगा डॉक्टरला आपल्या बहिणीच्या नवऱ्याची हकिगत सांगतो. दिवसा त्याला गाडीला जुंपत होते आणि रात्री दवात उभे करून बेडकांना गप्प करायला लावत होते. व्हर्सायच्या सभेत निघालेल्या दोन्ही गोष्टी त्या एका माणसाच्या अंगावर आल्या आहेत. आपले घर पाखरांनी कसे धुऊन नेले, हेही तो मुलगा सांगतो. मालकाची पाळीव पाखरे आमच्या पिकावर पोसायची, आम्हाला मात्र एक पाखरू पाळायची मुभा नव्हती. कधी मटणाचा तुकडा मिळालाच, तर कोणी पाहून हिसकावून नेऊ नये म्हणून दाराला अडसर घालून आणि खिडक्या लावून, भीत भीत खायचा. दळण मालकाच्याच गिरणीत दळायचे. मालकाचे काम फुकट करायचे. मालकाचा कर निर्दयपणे वसूल व्हायचा.

या प्रस्तावनेत मला प्रामुख्याने याच गोष्टीकडे वाचकाचे लक्ष वेधायचे आहे. क्रांतीवरच्या कादंबऱ्या बऱ्याच आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांत जुलूम म्हणजे एखाद्या दुष्ट माणसाने केलेले दुष्कर्म असते. तो माणूस हटला की जुलूम संपतो. डिकन्सच्या या कादंबरीतला जुलूम नियमाप्रमाणे चालतो. त्याला कागदाचा आधार आहे, वहिवाट आहे, न्यायाधीश आहेत, आणि तो करणाऱ्याच्या मनाला त्याची टोचणीही लागत नाही. म्हणूनच तो इतका भयंकर आहे आणि म्हणूनच तो फुटतो तेव्हा कोणाच्या हातात राहत नाही. (पुढे कथानकातल्या बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत. रहस्य राखून वाचायची इच्छा असेल त्याने आधी कादंबरी वाचावी, मग इथे यावे.)

कथा थोडक्यात अशी. डॉक्टर मानेत यांना एव्हरमाँद घराण्यातले दोन सरदार भाऊ १७५७ च्या डिसेंबरात एका रात्री जबरदस्तीने घेऊन जातात. तिथे एक तरुणी तापाच्या भ्रमात आहे आणि तिचा भाऊ, तोच तबेल्यातला मुलगा, तलवारीच्या जखमेने मरतो आहे. दोघे मरतात. डॉक्टर तक्रार करतो आणि त्याबद्दल त्याला बॅस्टिलच्या तुरुंगात टाकतात. तो सुटतो तो १७७५ मध्ये, जवळजवळ अठरा वर्षांनी, केस पांढरे झालेला आणि बाकावर बसून जोडे शिवणारा. त्याची मुलगी ल्यूसी त्याला लंडनला आणते आणि पुढे चार्ल्स डार्ने नावाच्या फ्रेंच तरुणाशी लग्न करते. डार्ने हा त्याच एव्हरमाँद घराण्याचा वारस, घराणे आणि संपत्ती सोडून आलेला. क्रांतीनंतर एका जुन्या नोकराला वाचवायला तो पॅरिसला परततो आणि सापडतो. त्याच्या जागी गिलोटिनवर जाणारा सिडनी कार्टन जगभर प्रसिद्ध आहे, तेव्हा त्याच्याबद्दल मी फार बोलणार नाही. कार्टनच्या त्यागाने भारावून गेलेला वाचक पुष्कळदा त्या तबेल्यातल्या मुलाला विसरतो. माझ्या मते हे पुस्तक त्या मुलाचे आहे.

दुसऱ्या भागातल्या सातव्या प्रकरणाकडे जरा थांबून पाहू. प्रकरण सुरू होते एका बड्या सरदाराच्या सकाळच्या चॉकलेटने. ते त्याच्या घशाखाली उतरवायला चार नोकर लागतात. एकाने भांडे आणायचे, दुसऱ्याने ते घुसळून फेस आणायचा, तिसऱ्याने रुमाल धरायचा, चौथ्याने ओतायचे. त्याच दरबारातून एव्हरमाँद घराण्यातला एक मार्क्विस रागावून बाहेर पडतो आणि आपली घोडागाडी गरीब वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून भरधाव सोडतो. कोपऱ्यावरच्या कारंज्यापाशी चाक कशावरून तरी जाते. किंकाळी उठते, घोडे उधळतात. गाडी थांबते ती घोडे बिथरले म्हणून. एरवी अशा गाड्या जखमी माणसाला मागे टाकून निघून जात, हेही डिकन्स तिथे नोंदवतो.

चाकाखाली एक लहान मूल गेलेले असते. गास्पार नावाचा त्याचा बाप चिखलात बसून जनावरासारखा ओरडतो आहे. मार्क्विस गर्दीला विचारतो की तुम्हा लोकांना आपली पोरे कशी सांभाळता येत नाहीत, आणि माझ्या घोड्यांना काय इजा झाली असेल कोणास ठाऊक. मग थैली काढून एक सोन्याचे नाणे फेकतो. दारूच्या दुकानाचा मालक दफार्ज पुढे येऊन गास्पारला धीर देतो. पोर एका क्षणात गेले, त्याला यातना झाल्या नाहीत, आणि जगले असते तर एक तास तरी इतक्या सुखात गेला असता का, असे तो विचारतो. या सांत्वनाइतके भेदक वाक्य गरिबीबद्दल क्वचितच कोणी लिहिले असेल. मार्क्विसला ते आवडते. तो दफार्जला तत्त्वज्ञ म्हणतो आणि त्यालाही एक नाणे फेकतो. गाडी निघते आणि तेच नाणे खणकन आत येऊन पडते. कोणी फेकले ते कळत नाही.

या प्रसंगात मार्क्विसला राग येतो तो फक्त नाणे परत आल्यावर. पोर मेल्याचा हिशोब त्याच्या दृष्टीने पैसे देऊन पूर्ण झालेला असतो; हिशोब नाकारण्याचा अधिकार समोरच्याला आहे, हे त्याला खपत नाही. पुढे गास्पार त्याचा खून करतो आणि पकडला जातो. गावाच्या कारंज्यावर चाळीस फूट उंच फाशीचा खांब उभारून त्याला लटकवतात आणि प्रेत तसेच ठेवतात. गावातल्या बायकांनी त्याच कारंज्यावर पाणी भरायचे. शिक्षा झाली गास्पारला, आणि ती भोगायची सगळ्या गावाने, दररोज, घागर भरताना.

आता डॉक्टरच्या कागदाकडे येऊ. तिसऱ्या भागातले दहावे प्रकरण म्हणजे मानेतने १७६७ च्या शेवटच्या महिन्यात कोठडीत काजळी, कोळसा आणि रक्त कालवून लिहिलेली आणि धुराड्यात लपवलेली हकिगत. मरणारा मुलगा बोलतो तेव्हा मोठा भाऊ त्याच्याकडे एखादे जखमी पाखरू किंवा ससा पाहावा तसा पाहत असतो. त्याला चिंता आहे ती एकच, की आपल्या धाकट्या भावाला एका शेतकऱ्यावर तलवार उपसावी लागली. यात घराण्याची शोभा गेली. त्या मुलाच्या बहिणीवर काय गुदरले, तिचा नवरा कसा मेला, तिचा बाप ती बातमी ऐकून कसा गेला, हे त्यांच्या लेखी विषयच नाहीत. नवऱ्याला भर दुपारी जुवातून सोडले होते, मिळाले तर काही खायला. घड्याळाचे बारा ठोके पडत असताना त्याने बारा हुंदके दिले आणि बायकोच्या छातीवर मान टाकली. ती तरुणी भ्रमात नवरा, बाप, भाऊ अशी हाक मारते आणि एकपासून बारापर्यंत मोजते, पुन्हा पुन्हा, याचा अर्थ डॉक्टरला तेव्हा कळतो.

यानंतर डॉक्टर काय करतो? जे सज्जन, कायदा मानणाऱ्या माणसाने करावे तेच. दिलेले सोने तो घेत नाही. मंत्र्याला पत्र लिहितो आणि झालेला प्रकार कळवतो. कोणाचे नाव बदनाम व्हावे असा त्याचा हेतू नाही. आपल्या मनावरचा भार हलका व्हावा, एवढेच. पत्र दिले त्याच रात्री एका रोग्याच्या नावाखाली त्याला घराबाहेर काढतात. काळोख्या कोपऱ्यावरून ते दोघे भाऊ येतात. मोठा भाऊ खिशातून एक कागद काढून डॉक्टरला दाखवतो, कंदिलाच्या ज्योतीवर जाळतो आणि राख पायाने विझवतो. तो कागद म्हणजे मंत्र्याला लिहिलेले पत्र.

कादंबरीतला खरा वळणबिंदू मला हा वाटतो. बॅस्टिल पडायला अजून एकतीस वर्षे आहेत, पण तक्रार ज्याच्याविरुद्ध केली त्याच माणसाच्या खिशात ती पोचते, हे कळल्यावर पुढचे सगळे ठरून गेले आहे. राजाच्या सहीशिक्क्याच्या बंद हुकमाने खटल्याशिवाय माणसाला गडप करण्याची सोय त्या काळच्या फ्रान्समध्ये खरोखर होती. ज्याचा वशिला दरबारात चाले, त्याला असा हुकूम मिळवता येत असे. अर्ज, विनंती, साक्ष, न्याय हे सगळे दरवाजे एकेक करून आतून बंद झालेले दाखवल्यावरच डिकन्स कुऱ्हाडी बाहेर काढतो.

तुरुंग त्याने ऐकून लिहिलेला नाही. १८२४ मध्ये त्याच्या वडिलांना कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकले होते आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर लेबले चिकटवत होता. १८४२ मध्ये अमेरिकेत गेला असता फिलाडेल्फियाच्या तुरुंगात त्याने एकांतवासाची शिक्षा भोगणारे कैदी पाहिले आणि त्या पद्धतीवर कडाडून लिहिले. अंगावर जखम दिसत नाही म्हणून या शिक्षेची क्रूरता कोणाला कळत नाही, हे त्याचे म्हणणे होते. मानेतचे हात जोड्यांचे काम मागतात, संकट आले की तो पुन्हा बाकाकडे धावतो, नाव विचारले की कोठडीचा नंबर सांगतो: उत्तर बुरूज, एकशे पाच. माणूस सुटला तरी तुरुंग त्याच्यातून सुटत नाही, हे एकोणिसाव्या शतकात इतके बारकाईने लिहिणारे लेखक थोडे.

कादंबरीतल्या दुसऱ्या शहराकडे, म्हणजे लंडनकडे, वाचकाचे जरा दुर्लक्ष होते. इंग्रज वाचकाने फ्रान्सच्या नावाने हळहळून सुटू नये, याची डिकन्सने पुरेपूर काळजी घेतली आहे. त्याच्या लंडनमध्ये खोटी नोट खपवणाऱ्याला फाशी, दुसऱ्याचे पत्र उघडणाऱ्याला फाशी, चाळीस शिलिंग सहा पेन्स चोरणाऱ्याला फाशी. डार्नेवर राजद्रोहाचा खटला चालतो तेव्हा प्रेक्षक जमतात ते त्याच्या शरीराचे चार तुकडे कसे होतील या कल्पनेने. जेरी क्रंचर दिवसा बँकेच्या दारात बसतो आणि रात्री पुरलेली प्रेते उकरून विकतो. १८४९ मध्ये एका दांपत्याची जाहीर फाशी डिकन्सने स्वतः पाहिली होती आणि त्या गर्दीचा किळसवाणा उत्साह पाहून ‘टाइम्स’ला पत्रे लिहून जाहीर फाशी बंद करा असे म्हटले होते. गिलोटिनभोवती विणत बसलेल्या बायका लिहिताना लंडनची ती गर्दी त्याच्या डोळ्यांसमोर असावी. १८५५ मध्ये, क्रिमियन युद्धात सरकारची अब्रू जात असताना, त्याने एका खासदार मित्राला लिहिले होते की इंग्लंडमधला धुमसणारा असंतोष त्याला क्रांतीपूर्वीच्या फ्रान्सची आठवण करून देतो. तेव्हा ही ऐतिहासिक कादंबरी असली तरी लिहिणाऱ्याची नजर स्वतःच्या दारावर होती.

इतिहास म्हणून मात्र तिला मर्यादा आहेत, आणि त्या वाचकाला माहीत असाव्यात. डिकन्सची भिस्त टॉमस कार्लाइलच्या १८३७ मध्ये आलेल्या क्रांतीच्या इतिहासावर होती, आणि प्रस्तावनेत तो ते मोकळेपणाने सांगतो. त्याच्या क्रांतीत सरदार आहेत आणि भुकेले लोक आहेत. मधला वकील, व्यापारी, पत्रकार, ज्याने १७८९ चे ठराव लिहिले, तो जवळजवळ नाहीच. ४ ऑगस्टची रात्र नाही. मानवी हक्कांचा जाहीरनामा नाही. १७९२ च्या सप्टेंबरात तुरुंगांत कत्तली झाल्या तेव्हा प्रशियाचे सैन्य पॅरिसच्या रोखाने चाल करून येत होते आणि शहर भीतीने वेडे झाले होते. कादंबरीत सहाणेवर हत्यारे पाजवणारे रक्ताळलेले लोक दिसतात, ती भीती दिसत नाही. क्रांतीने दिलेले काहीच न दाखवता तिने घेतलेले सगळे दाखवणे, हा अन्याय आहे आणि तो डिकन्सकडून झाला आहे.

असे असूनही दहशतीच्या त्या पर्वाबद्दल त्याने एक गोष्ट अचूक हेरली. न्यायालयांच्या शिक्षेने त्या काळात सुमारे १७,००० माणसे मारली गेली आणि त्यांत बहुसंख्य सरदार नव्हते. ती साधी माणसे होती. कार्टनबरोबर गिलोटिनकडे जाणाऱ्या गाडीत एक गरीब, हडकुळी शिवणकाम करणारी मुलगी आहे. तिच्यावर कटाचा आरोप आहे. ती म्हणते, गरिबांचे भले करणाऱ्या प्रजासत्ताकाला माझ्या मरण्याने काही फायदा होणार असेल तर माझी मरायला ना नाही, पण तो कसा होणार ते काही कळत नाही. तिच्या बोलण्यात क्रांतीचा द्वेष नाही. ती क्रांती तिचीच आहे, आणि तीच तिला मारते आहे. ज्यांच्याकडे खटल्याशिवाय तुरुंगात टाकणारा हुकूम होता त्यांच्याविरुद्ध लोक उठले, आणि चार वर्षांत त्याच लोकांच्या न्यायालयात साक्षीपुराव्याशिवाय शिक्षा होऊ लागल्या. मानेतने कोठडीत लिहिलेला कागद, एव्हरमाँद घराण्याच्या शेवटच्या वंशजापर्यंत सगळ्यांना शाप देणारा, त्या न्यायालयात वाचला जातो आणि त्याच्याच जावयाला मृत्यूकडे पाठवतो. जुलमाने आपले हत्यार ज्याच्यावर चालवले त्याच्याच हाती ठेवून दिले, हे डिकन्सने एका कागदातून दाखवले.

इथे भारतीय वाचकाला, विशेषतः मराठी वाचकाला, एक गोष्ट सांगणे भाग आहे. कादंबरी मनात आकार घेऊ लागली ते साल १८५७. जुलै महिन्यात डिकन्सचा सोळा वर्षांचा मुलगा वॉल्टर ईस्ट इंडिया कंपनीचा कॅडेट म्हणून हिंदुस्थानाकडे निघाला, आणि त्याच महिन्यात कानपूरला बिबीघरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली. कानपूरच्या उठावाचे नेतृत्व ब्रह्मावर्तला राहणाऱ्या नानासाहेब पेशव्यांकडे होते. बातम्या लंडनला पोचल्यावर, ४ ऑक्टोबरला, डिकन्सने मिस बर्डेट-कूट्स या आपल्या दानशूर मैत्रिणीला पत्र लिहिले. मी हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर ज्या वंशाच्या माथी हा डाग आहे तो वंशच नष्ट करायला पराकाष्ठा केली असती, अशा अर्थाचे ते लिहिणे आहे. गरिबांचा कैवारी, मुलांचा कैवारी, जाहीर फाशीचा विरोधक असा हा माणूस एका अख्ख्या लोकसमूहाचा नायनाट करण्याची भाषा बोलत होता. आपल्या तेव्हाच्या साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या नाताळ अंकात त्याने लेखकमित्र विल्की कॉलिन्सबरोबर मध्य अमेरिकेत घडणारी एक गोष्ट लिहिली, तीही हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या शौर्याचा गौरव करण्यासाठी.

अलाहाबादहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने इंग्रजी पलटणींनी झाडांना माणसे टांगली. कानपूरला जनरल नीलने पकडलेल्यांना फाशी देण्यापूर्वी बिबीघराच्या जमिनीवरचे वाळलेले रक्त चाटायला लावले. गास्पारला गावाच्या कारंज्यावर लटकवण्याचे ते पान मी वाचतो तेव्हा मला ही झाडे आठवतात. सुमारे दोन वर्षांनंतर ते पान लिहिणाऱ्या माणसाला ती आठवली असतील का, याचे उत्तर कादंबरीत नाही. एवढे खरे की फ्रेंच शेतकऱ्याचा सूड कुठून आला, हे पाहायला तो शंभर पावले मागे गेला. हिंदुस्थानी शिपायाच्या आणि रयतेच्या बाबतीत एक पाऊलही मागे गेला नाही. वॉल्टर परत गेला नाही. १८६३ च्या शेवटच्या दिवशी तो कलकत्त्यात वारला.

मग हे पुस्तक आपण का वाचावे? कारण ते लिहिणाऱ्यापेक्षा मोठे झाले आहे. जुलूम आणि सूड यांची जी साखळी त्याने पॅरिसमधल्या सेंट आंत्वानच्या गरीब वस्तीत कडी कडी जोडून दाखवली, ती कानपूरलाही तंतोतंत लागू पडते, बिबीघरासकट. तिथल्या बायकामुलांच्या कत्तलीला ती माफ करत नाही आणि त्यामागच्या शंभर वर्षांनाही सोडत नाही. आपल्या सोयीची एकच बाजू उचलणाऱ्या वाचकाला, मग तो इंग्रज असो की मराठी, ही कादंबरी सुखाने बसू देत नाही.

फ्रेंच क्रांती महाराष्ट्रात पोचली ती डिकन्समार्फत नव्हे. तरुण जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. त्या क्रांतीची बाजू मांडण्यासाठीच पेनने ते पुस्तक लिहिले होते आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध होऊ लागले. पेन पुढे फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेवर निवडून गेला, राजाला मारू नका म्हणाला, आणि १७९३ च्या डिसेंबरात पॅरिसच्या लक्झेंबर्ग तुरुंगात पडला. कादंबरीतला चार्ल्स डार्ने ज्या महिन्यात मृत्यूची वाट पाहत बसला आहे, तोच हा महिना. पेन थोडक्यात वाचला. म्हणजे फुल्यांच्या हाती जे पुस्तक आले, त्याच्या लेखकाने क्रांतीचे दोन्ही चेहरे जवळून पाहिले होते, आणि माणसाच्या हक्कांवरचा त्याचा विश्वास तुरुंगातही ढळला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेतल्या भाषणात त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली, आणि त्याच दिवशी तिथे मनुस्मृती जाळण्यात आली. फ्रान्सचे शेतकरी गढीत शिरून आधी कागद का शोधत, हे महाडच्या त्या दिवसाची माहिती असलेल्या वाचकाला दुसऱ्या कोणी समजावून द्यायला नको.

शेवटी मादाम दफार्जविषयी. विणकामाच्या टाक्यांत मरणाऱ्यांची नावे गुंफणारी ही बाई वाङ्मयात क्रूरतेचे प्रतीक होऊन बसली आहे. नवऱ्याने दया दाखवायचा विषय काढला की ती म्हणते, वाऱ्याला आणि आगीला सांगा कुठे थांबायचे ते, मला नको. ल्यूसीच्या लहान मुलीचेही नाव तिच्या यादीत आहे. तिची बाजू घेणे मला शक्य नाही. पण तिसऱ्या भागाच्या बाराव्या प्रकरणात ती छातीवर हात आपटून सांगते की कागदातले ते शेतकरी कुटुंब माझे, ती मेलेली बहीण माझी, तो भाऊ माझा. मुलाने मरण्यापूर्वी जिला मालकाच्या हाताबाहेर दूर नेऊन ठेवले, समुद्रकाठच्या कोळ्यांत जी वाढली, ती ही. डॉक्टरने त्या मरणाऱ्या मुलीला आडनाव विचारले होते. तिने उशीवर मान हलवली, भावासारखेच तिनेही सांगितले नाही. धाकट्या चार्ल्सची आई, सरदारीण असून, त्या उरलेल्या बहिणीसाठी काही करावे म्हणून तिचे नाव आणि पत्ता विचारायला डॉक्टरच्या दारी आली होती. डॉक्टरला यातले काहीच माहीत नव्हते. संपूर्ण कादंबरीत जुलमाची भरपाई करायला मनापासून निघालेली सरदारवर्गातली ही पहिली व्यक्ती, आणि ज्यांचे देणे लागते त्यांचे नावच तिला सापडत नाही.

डिकन्सने मादाम दफार्जला ल्यूसीची सोबतीण मिस प्रॉस हिच्याशी झालेल्या झटापटीत तिच्याच पिस्तुलाच्या गोळीने मारले. टीकाकारांनी हा अपघात ओढून आणलेला आहे म्हटले तेव्हा त्याने तो मुद्दाम योजल्याचे सांगून त्याचे समर्थन केले. मला ते पटत नाही. तिला न्यायालयासमोर उभी करून बहिणीची आणि भावाची हकिगत तिच्याच तोंडून सांगू दिली असती, तर तो प्रसंग कार्टनच्या मरणाशेजारी त्याच तोलाचा ठरला असता. ती हकिगत आपल्याला मिळते ती डॉक्टरच्या हस्ताक्षरात, दुसऱ्याच माणसाला शिक्षा व्हावी म्हणून वाचलेली. तेव्हा वाचकाने दहावे प्रकरण वाचून झाल्यावर लगेच बारावे काढावे, मधले अकरावे मागाहून वाचले तरी चालेल, आणि तिचे ते बोलणे त्या कागदाला जोडून वाचावे.